प्रकाशपेटी आणि चामड्याच्या वस्तूंचीं छायाचित्रें

आमच्या घरीं तीन पिढ्यांपासून कोल्हापुरी चपला करण्याचा धंदा चालत आला आहे. पूर्वीं गिऱ्हाईक दुकानांत येई, चप्पल हातांत घेई, वेणीवरून बोट फिरवी, तळ वांकवून पाही आणि मग भाव करी. आतां पुष्कळ गिऱ्हाइकें परगांवचीं असतात. त्यांच्यापुढें चपलेच्या आधीं तिचें छायाचित्र जातें. गेल्या वर्षीं पुण्याच्या एका गृहस्थांनीं मागविलेला जोड परत आला. मालांत खोट नव्हती. परंतु छायाचित्रांत तो गडद तांबूस दिसला होता आणि प्रत्यक्षांत फिकट तपकिरी निघाला. तें छायाचित्र मींच रात्रीं स्वयंपाकघरांतील पिवळ्या दिव्याखालीं मोबाईलवर काढलें होतें. वडील रागावले नाहींत. "गिऱ्हाइकाला वाटलं, आपण फसवलं," एवढेंच ते म्हणाले. पण तें शब्द माझ्या मनाला फार लागले. पुढें आमच्या विज्ञानाच्या गुरुजींस विचारून मीं घरच्या घरीं एक प्रकाशपेटी तयार केली. तिची कृति व तिच्यामागील शास्त्र वाचकांस सांगावें, हा या लेखाचा हेतु आहे.

प्रथम चामड्याचें छायाचित्र बिघडतें कां, तें पाहूं. चामड्यावर पडलेला प्रकाश दोन प्रकारें परततो. त्याचा कांहीं भाग तेल लावून घोटलेल्या पृष्ठभागावरून आरशावरून परतावा तसा, ज्या कोनानें आला त्याच कोनानें निघून जातो. या भागांत चामड्याचा रंग नसतो. दिव्याचेंच प्रतिबिंब असतें, आणि छायाचित्रांत तें पांढऱ्या डागासारखें उमटतें. उरलेला प्रकाश तंतूंमध्यें किंचित् शिरतो, तेथें विखुरतो आणि चामड्याचा रंग घेऊन सर्व दिशांस बाहेर पडतो. वस्तूचें खरें रूप आपणांस दिसतें तें या दुसऱ्या प्रकाशानें. पहिला मात्र अगदींच नाहींसा करूं नये. चकाकी मुळींच नसेल तर चामडें पुठ्ठ्यासारखें निर्जीव दिसतें.

दिवा लहान असला म्हणजे त्याचें प्रतिबिंब लहान परंतु अति तीव्र पडतें आणि सावलीही काळी व रेखीव येते. तोच प्रकाश मोठ्या पृष्ठभागावरून आला तर चकाकी पसरून सौम्य होते व सावलीच्या कडा विरघळतात. निरभ्र दुपारचें ऊन आणि ढगाळ दिवसाचा उजेड यांत हाच फरक आहे. प्रकाशपेटी करावयाची म्हणजे घरांत एक लहानसें ढगाळ आकाश निर्माण करावयाचें, असें म्हटलें तरी चालेल.

आतां कृति. सुमारें दीड फूट लांब, रुंद व उंच असें पुठ्ठ्याचें खोकें घ्यावें. वाण्याकडे तें सहज मिळतें. त्याचें तोंड आपल्याकडे करून तें आडवें ठेवावें. डाव्या, उजव्या व वरच्या बाजूस, कडेला दोन दोन इंच पुठ्ठा राखून, चौकोनी खिडक्या कापाव्या. या खिडक्यांवर बाहेरून पांढरा पातळ कागद अथवा मलमल ताणून चिकटवावी. कागद पांढराशुभ्रच हवा. पिवळट असल्यास सर्व चित्रावर पिवळी झांक येते. नंतर पांढऱ्या जाड कागदाचा एक लांब ताव घेऊन त्याचें वरचें टोक पाठीमागच्या भिंतीला चिकटवावें व खालचें टोक तळावरून पुढें आणावें. मध्यें त्यास घडी पडूं देऊं नये, नुसता बांक द्यावा. म्हणजे भिंत व जमीन यांच्यामधील रेघ दिसत नाहीं.

दोन्ही बाजूंच्या खिडक्यांबाहेर, सुमारें वीतभर अंतरावर, एकाच जातीचा एकेक पांढरा एलईडी दिवा ठेवावा. दिवा कागदाला अगदीं भिडविला तर खिडकीचा मध्यच उजळतो व तिचा उपयोग राहत नाहीं. तारेचा जुना दिवा फार तापतो, म्हणून कागदाजवळ तो कदापि ठेवूं नये.

रंगाविषयीं विशेष सावध राहिलें पाहिजे. पिवळ्या दिव्याखालीं कोरा कागद आपल्या डोळ्यांस पांढराच वाटतो, कारण डोळा व बुद्धि मिळून तो दोष भरून काढतात. कॅमेराही तसा प्रयत्न करतो, पण पुष्कळदां चुकतो. त्यांतून एका बाजूनें खिडकींतला दिवसाचा उजेड व दुसऱ्या बाजूनें पिवळा दिवा असे दोन प्रकाश मिसळले, तर एक कड निळसर व दुसरी तांबूस येते. एक सुधारावी तर दुसरी बिघडते. यासाठीं खोलींतील इतर दिवे मालवावे व खिडकीचा पडदा ओढून घ्यावा.

मोबाईल हातांत न धरतां पुस्तकांच्या चळतीवर टेकवावा. तो फार जवळ नेल्यास चपलेचें पुढचें टोक अवास्तव मोठें दिसतें. थोडें मागें सरून चित्र मोठें करून घेणें बरें. भोंवतालीं सर्व पांढरें असल्यामुळें कॅमेरा फसतो व बहुधा चित्र काळपट काढतो. तेव्हां पडद्यावर चपलेला बोट लावून उजेड किंचित् वाढवावा. वेणी व टांके दाखवावयाचे असतील तेव्हां एका बाजूचा दिवा मालवावा. तिरपा प्रकाश आला कीं प्रत्येक पेडाची लहानशी सावली पडते व वीण उठून दिसते. अंधाऱ्या बाजूस पांढरा पुठ्ठा उभा केल्यास ती बाजू अगदीं काळी पडत नाहीं.

एका जोडाचीं निदान चार चित्रें घ्यावींत: वरून जोड, बाजूनें एक चप्पल, तिचा तळ आणि टांक्यांचें जवळून चित्र. शेजारीं मोजपट्टी ठेवावी. शेवटीं चित्र व वस्तु दिवसाच्या उजेडांत शेजारीं धरून रंग ताडून पाहावा. कातड्यावर एखादा नैसर्गिक वण असला तर तोही दाखवावा. झांकलेला वण गिऱ्हाइकाच्या घरीं उघडा पडतोच.

सन २०१९ मध्यें कोल्हापुरी चपलेस भौगोलिक मानांकन मिळालें. महाराष्ट्रांतील कोल्हापूर, सांगली, सातारा व सोलापूर आणि कर्नाटकांतील बेळगांव, बागलकोट, धारवाड व विजापूर या आठ जिल्ह्यांतील कारागिरांचा तो मान आहे. परंतु यंत्रावर केलेली नक्कल दुरून तशीच दिसते. हिरडा व बाभळीची साल यांनीं कमावलेलें कातडें, खिळ्यावांचून चामड्याच्या वादीनें घातलेले टांके व हातानें गुंफलेली वेणी हीं जवळून व स्वच्छ दिसलीं, तरच दूरच्या गिऱ्हाइकास अस्सल माल ओळखतां येईल.

माझ्या पेटीला डिंक, कागद व दोन दिवे यांपलीकडे खर्च आला नाहीं. ती तयार झाल्यावर त्याच गृहस्थांस आम्हीं नवीं चित्रें धाडलीं, व झाली चूक माझी होती हेंही कळविलें. त्यांनीं दुसरा जोड मागविला, आणि तो परत आला नाहीं. वडिलांनीं ती पेटी आतां दुकानांत आरीच्या व रापीच्या शेजारीं ठेविली आहे.