चार तास झाकलेलं

पायाने तुडवतात म्हणून त्याला पाव म्हणायचं, हे डोंबिवलीत लहानपणापासून ऐकत आलो. आमच्याकडच्या सोवळ्यातल्या आज्या हे इतक्या खात्रीने सांगत, की त्या स्वतः बेकरीत डोकावून आल्या असाव्यात. मी मोठा झाल्यावर डोकावलो, मध्यरात्री, कल्याणात.

पाय कुठेच दिसले नाहीत. मैदा, मीठ, साखर, पाणी आणि यीस्ट यंत्रात पडतं. सोबत आदल्या दिवशीच्या पिठाचा राखून ठेवलेला गोळा. त्याला तिथे ‘खमीर’ म्हणतात. मळलेलं पीठ लाकडी पेटीत जातं आणि वर ओलं फडकं येतं. “चार घंटा,” आजमगढकडचे चाचा म्हणाले. “ढक के. बीच में देखना नहीं.”

मी टोक उचललंच. आंबूस, गोडसर, थेट माडीची आठवण देणारा वास आला. चाचांनी काही न बोलता फडकं पुन्हा सारखं केलं.

खमीर हा शब्द अरबी. त्याच्या ख-म-र या धातूचा एक अर्थ झाकणं. डोकं झाकायचा खिमार त्यातलाच. मद्याला खम्र म्हणतात, कारण ते बुद्धी झाकतं, असं जुने भाष्यकार सांगतात. नशा उतरतानाचा खुमार तिथलाच, आणि आपली खुमारीही. मराठीत तर ‘अंगात खमीर हवं’ म्हणताना आपल्याला पीठ आठवतही नाही. माडीच्या वासाचंही नवल नाही. यीस्ट साखर खातं, तेव्हा कार्बन डायऑक्साइड आणि मद्यार्क दोन्ही तयार होतात. वायूने पीठ फुगतं, मद्यार्क भट्टीत उडून जातो. गोव्यातले पोदेर, म्हणजे पाववाले, पूर्वी माडाची सूर घालूनच पीठ फुगवत.

पाव हा शब्द मात्र पोर्तुगीजांचा. ठाणं 1737 पर्यंत त्यांच्याच ताब्यात होतं. कुठे कोणी पीठ तुडवलंही असेल, पण नाव त्यावरून पडलेलं नाही. पायांची गोष्ट विटाळाच्या भीतीतून आली असावी, असा माझा संशय आहे. 1849 मध्ये मुंबईत निघालेल्या, जातिभेद मोडू पाहणाऱ्या परमहंस सभेत येणाऱ्याला ख्रिश्चनाच्या हातचा पाव खावा लागे. सभा गुप्तपणे भरायची. पाव खाल्ल्याचा गवगवा झाला तर जात जायची!

इकडे चाचा मैद्याच्या पोत्यांवर आडवे झाले होते. ते चार तास हीच त्यांची झोप. मग उठून गोळे तोडणं, पत्र्यावर चिकटून मांडणं, भट्टी, लादी. पहाटे सायकली सुटतात, बहुतेक वडापावच्या गाड्यांकडे.

जानेवारी 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने मुंबईतल्या लाकूड-कोळशाच्या बेकऱ्यांना स्वच्छ इंधनाकडे वळायला सहा महिन्यांची मुदत दिली. चाचांना गॅसचं वावडं नाही, धुरापेक्षा बराच म्हणाले. त्यांचा राग वेगळ्याच गोष्टीवर आहे. काही ठिकाणी यीस्ट वाढवून दोन तासांत पीठ फुगवतात. तो पाव सकाळी छान दिसतो आणि दुपारी भुगा होतो. यात मी चाचांच्या बाजूचा आहे. पाव घ्यावा तर चार तासांचाच.