तमाशाच्या तळावरील वीज

गुढीपाडव्याच्या आगेमागे जुन्नर तालुक्यातील नारायणगावी तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावचे पंच तेथे येऊन सुपारी देतात, रक्कम आणि तारीख मुक्रर होते, आणि मग जत्रांच्या हंगामात फड गावामागून गाव गाठीत हिंडू लागतो. या व्यवहारात गण-गौळणीपासून मंडळींच्या जेवणापर्यंत सर्व गोष्टींची तपशीलवार वाटाघाट होते. परंतु ज्या विजेवाचून हल्ली ढोलकीची थापदेखील पाठीमागच्या प्रेक्षकापर्यंत पोहोचत नाही, तिच्या बंदोबस्ताविषयी कोणी अवाक्षर काढल्याचे माझ्या पाहण्यात नाही.

तो बंदोबस्त प्रत्यक्ष पाहावा म्हणून एका जत्रेत मी भर दुपारीच फडाच्या तळावर जाऊन बसलो. सारा फड ज्यांना मामा म्हणे, ते वायरमन जनरेटरला हात लावण्यापूर्वी जमीन निरखीत होते. पाण्याच्या टाकीशेजारची ओलसर जागा त्यांनी पसंत केली, लोखंडी नळी घणाने खोल ठोकून घेतली आणि भोवती मिठाचे पाणी ओतविले. ‘‘उन्हाळ्यात जमीन तहानलेली असते, साहेब. आधी तिला पाजायचं, मग आपला चहा,’’ ते म्हणाले. कोरडी जमीन विजेला सहजी वाट देत नाही, हे शास्त्र त्यांच्या बोलण्यात पूर्णपणे आले होते.

यानंतर त्यांनी जे केले, ते मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. जनरेटरचा सांगाडा आणि त्याची न्यूट्रल तार ही दोन्ही त्यांनी त्या नळीला जोडली. माणसाच्या देहातून शंभर मिलिअँपिअरहूनही कमी प्रवाह काही क्षण गेला, तर हृदयक्रिया बंद पडू शकते. वीस अँपिअरच्या साध्या एमसीबीला मात्र एवढ्या अल्प प्रवाहाचा पत्ताही लागत नाही. म्हणून आरसीसीबी बसवितात. गेलेला प्रवाह आणि परतलेला प्रवाह यांत तीस मिलिअँपिअरची तफावत पडताच तो वीज तोडतो. तथापि जनरेटरची न्यूट्रल भूमीशी जोडलेलीच नसेल, तर देहातून भूमीत शिरलेल्या प्रवाहाला परतीची वाट राहत नाही, आणि पहिला दोष मुकाट दडून राहतो; आणि विशेष हे की, आरसीसीबीवरील चाचणीचे बटण दाबल्यास तो तेव्हाही पडतो व पाहणाऱ्याला खोटा दिलासा देतो. सबब मामा केवळ बटणावर विसंबत नाहीत. आरसीसीबीच्या पुढील फेज आणि अर्थिंग यांमध्ये ते चाळीस वॉटचा दिवा जोडतात. दिवा टिकून राहिला तर काम अपुरे; तत्क्षणी वीज तुटली पाहिजे. त्या दुपारी ती तुटली.

मग रंगमंचाची पाळी. फळ्यांखालची लोखंडी चौकट, दिवे टांगण्याचे खांब, पडद्याचा नळ या सर्वांना मामांनी जाड तारेने एकमेकांशी व अर्थिंगशी जोडले. कारण एखाद्या दिव्याची सोललेली वायर खांबाला टेकली, की पितळी घुंगरे बांधून अनवाणी नाचणाऱ्या बाईच्या पायाखाली काय वाढून ठेवलेले असते, हे प्रेक्षकांतील कुणाला दिसत नाही. रिळावर गुंडाळलेली केबल त्यांनी पूर्ण उलगडविली, कारण गुंडाळी तशीच ठेवून जादा भार घेतल्यास ती आतल्या आत तापून वितळते. इतक्यात धूळ बसावी म्हणून टँकरने मंचापुढे पाणी मारले. मामांनी जमिनीवरचे सारे जोड उचलून फळ्यांवर घेतले.

सायंकाळी ध्वनिक्षेपकातून घुरघूर येऊ लागली. मंचावरील अँप्लिफायर जनरेटरवर आणि प्रेक्षकांमागचा मिक्सर गावच्या जोडणीवर, अशी भूमीची वाट दुहेरी झाली होती. साउंडवाल्या पोराने पक्कड काढून प्लगची तिसरी पिन तोडण्याची तयारी केली. हा उपाय सर्वत्र रूढ आहे आणि तो मला अक्षम्य वाटतो, कारण त्या पिनेवाचून यंत्रातील बिघाड थेट मायक्रोफोनच्या जाळीपर्यंत, म्हणजे गाणाऱ्याच्या ओठांपर्यंत येतो. १९७२ साली वेल्समधील स्वॉन्सी येथे लेस्ली हार्वे हा गिटारवादक भर मंचावर मायक्रोफोनला स्पर्श होताच मरण पावला. तेथेही दोष अर्थिंगच्या अभावाचा होता.

मामांनी पोराच्या हातातून पक्कड काढून घेतली आणि मिक्सरसाठी जनरेटरच्या बोर्डावरूनच वेगळी केबल ओढविली. घुरघूर पुष्कळ कमी झाली. पुरती गेली नाही. पंचांनी कुरकूर केली, पोरानेही तोंड वाकडे केले, परंतु मामांनी पिनेला कोणाला हात लावू दिला नाही, आणि वग त्या उरलेल्या घुरघुरीसकट शेवटपर्यंत रंगला.