गेमिंग पार्लर टाकताय? आधी मशीनचा ताप मोजायला शिका

गेमिंग पार्लरचं कोटेशन काढताना आपण मशीन, खुर्च्या, इंटरनेट, इन्व्हर्टर सगळं धरतो. पण धंदा सुरू झाल्यावर रोज लक्ष द्यायची एक गोष्ट त्यात नसते. ती म्हणजे प्रोसेसरचं तापमान.

आपल्या मुरुम-उमरगा भागात पार्लरचा सीझन म्हणजे उन्हाळ्याची सुट्टी. पोरं मोकळी, मशीन दिवसभर चालू, आणि नेमका तेव्हाच पारा चाळिशी ओलांडतो. म्हणून हा हिशोब आपल्याला पुण्या-मुंबईच्या एसी पार्लरवाल्यांपेक्षा जास्त लागतो.

मशीन तापलं की काय होतं?

प्रत्येक प्रोसेसरला कंपनीने एक कमाल मर्यादा दिलेली असते. इंटेलच्या आय५-१२४०० ला ती १०० अंश सेल्सिअस आहे, एएमडीच्या रायझन ५ ५६००जी ला ९५ अंश. त्या मर्यादेला पोचला की प्रोसेसर स्वतःला वाचवायला वेग कमी करतो. याला थ्रॉटलिंग म्हणतात. तरीही ताप वाढत गेला तर मशीन बंद पडतं.

म्हणजे प्रोसेसर सहसा जळत नाही, पण गेम अडकायला लागतो. गिऱ्हाईक म्हणतं, "दादा, लॅग होतंय." आपण इंटरनेटवाल्याला फोन लावतो किंवा नवीन ग्राफिक्स कार्डचा भाव विचारतो. व्हॅलोरंटसारख्या गेमचा भार तर ग्राफिक्स कार्डपेक्षा प्रोसेसरवरच जास्त असतो. खर्च करायच्या आधी तापमान बघा.

वाचायचं कसं?

विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये ग्राफिक्स कार्डचं तापमान दिसतं, प्रोसेसरचं नाही. त्यासाठी वेगळं सॉफ्टवेअर लागतं. एचडब्ल्यूइन्फो चांगलं आहे, पण त्याची मोफत आवृत्ती घरगुती वापरासाठी आहे; दुकानातल्या मशीनसाठी परवाना घ्यावा लागतो. लिब्रे हार्डवेअर मॉनिटर हे मुक्त सॉफ्टवेअर आहे. त्याची ताजी आवृत्ती अधिकृत पानावरूनच घ्या.

ते चालू करून मागे ठेवा, अर्धा तास गेम खेळा आणि मग 'मॅक्स' हा रकाना वाचा. इंटेलमध्ये 'सीपीयू पॅकेज' ही ओळ बघायची, रायझनमध्ये 'टीसीटीएल/टीडाय'. गेम बंद केल्यावरचा आकडा बघून उपयोग नाही, तो लगेच उतरतो.

नुसता आकडा नको, फरक लिहा

आजची मुख्य गोष्ट हीच. भिंतीवर साधा थर्मामीटर लावा आणि प्रोसेसरच्या आकड्यातून खोलीचं तापमान वजा करा.

समजा सकाळी खोली २८ अंश आणि प्रोसेसर ६८. फरक ४०. दुपारी खोली ४० झाली, प्रोसेसर ८० वर गेला. फरक तोच, म्हणजे मशीन ठीक आहे, खोली तापली आहे. पण दोन महिन्यांनी त्याच गेमला, त्याच सेटिंगवर फरक ५२ आला, तर दोष मशीनमध्ये आहे. पंख्याचा वेग बदलतो म्हणून एक-दोन अंश इकडेतिकडे होणारच. दहा-बारा अंश वाढले तर मशीन उघडा.

फरक वाढला असेल तर या क्रमाने जा

१. कॅबिनेट भिंतीला चिकटलंय का किंवा टेबलाच्या बंद कप्प्यात आहे का, ते बघा. हा उपाय फुकटचा आहे.
२. मशीन बंद करा, वायर काढा आणि ब्लोअरने धूळ उडवा. पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा, गरगर फिरू देऊ नका.
३. तरी फरक पडला नाही तर हीटसिंक काढा, जुनी थर्मल पेस्ट पुसा आणि हरभऱ्याच्या दाण्याएवढी नवीन लावा. हीटसिंक काढला की नवीन पेस्ट लावावीच लागते.

खोली तापत असेल तर

मशीन खाते ती वीज शेवटी उष्णता बनून खोलीतच येते. एक गेमिंग मशीन २०० ते ३०० वॅट धरलं तर पाच मशीन म्हणजे १००० ते १५०० वॅट, म्हणजे मे महिन्यात खोलीत एक रूम हीटर चालू! त्यामुळे वरच्या बाजूला एक्झॉस्ट फॅन हवाच. रूम कूलर लावला तर समोरची खिडकी उघडी ठेवा आणि त्याचा ओलसर झोत थेट कॅबिनेटवर सोडू नका.

यातून कमाई कशी?

प्रत्येक मशीनसाठी वहीत एक पान ठेवा: तारीख, गेम, खोली, प्रोसेसर, फरक. दर पंधरा दिवसांनी एक ओळ लिहा. पार्लरऐवजी रिपेअरिंगचं दुकान टाकणार असाल तर सर्व्हिसिंगच्या आधीचा आणि नंतरचा फरक बिलावर लिहून द्या. "साफ केलं" असं तोंडी सांगण्यापेक्षा "५२ चा ४० झाला" हे गिऱ्हाइकाला पटतं, आणि पुढच्या उन्हाळ्याआधी ते मशीन घेऊन तुमच्याकडेच येतं.

थर्मामीटर आणि वही आजच घ्या. पहिली नोंद सीझनच्या आधीची असली, तरच मे महिन्यात तुलना करता येईल.