मागे वळून पाहताना दिसणारं बालपण

वाढदिवस, सहली, अंगणातला दंगा. अमेरिकेतल्या एमरी विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञ एलेन वॉकर यांनी स्किझोफ्रेनिया झालेल्या रुग्णांच्या घरांतून असल्या जुन्या कौटुंबिक फिल्म्स गोळा केल्या. त्यांत पुढे आजारी पडलेलं मूल आणि त्याची धडधाकट भावंडं एकत्रच बागडत होती. त्यांतलं कोणतं मूल पुढे आजारी पडलं, हे फिल्म पाहणाऱ्यांना सांगितलेलं नव्हतं. तरीही निव्वळ अंदाजाने जमेल त्याहून जास्त वेळा त्यांनी ते ओळखलं. १९९० साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. नंतरच्या निरीक्षणांत, पहिल्या दोन वर्षांत हातांची अवघडलेली ठेवण आणि वेगळ्याच हालचाली दिसल्या, त्याही जास्त करून डाव्या अंगाला.

आजार डोकं वर काढतो तो विशी-पंचविशीच्या आसपास, काहींना ऐन किशोरवयात. मग रांगत्या वयात खुणा कशा? मेंदूच्या जडणघडणीत फरक फार आधीच पडलेला असावा आणि किशोरवयात मेंदू आपल्या जोडण्यांची छाटणी करू लागला की तो उघडा पडत असावा, असा तर्क आहे. ‘आईच्या वागण्यामुळे मुलाला हा आजार होतो’ असं एकेकाळी मोठमोठे मनोविश्लेषक सांगत. त्या क्रूर समजुतीला अशा पुराव्यांनी चांगलाच धक्का दिला.

ब्रिटनमध्ये मार्च १९४६च्या एका आठवड्यात जन्मलेल्या पाच हजारांहून अधिक मुलांवर संशोधकांनी वर्षानुवर्षं लक्ष ठेवलं. त्यांतल्या तीस जणांना पुढे स्किझोफ्रेनिया झाला. ही मुलं सरासरी सव्वा महिना उशिरा चालू लागली होती. त्यांच्यात बोलण्याच्या अडचणी जास्त होत्या, चौथ्या-सहाव्या वर्षी एकटं खेळण्याकडे ओढा होता, तेराव्या वर्षी चारचौघांत बुजणं होतं.

सव्वा महिना! एवढा फरक तर सख्ख्या भावंडांतही असतो. हा आजार साधारण शंभरात एकाला होतो. एखाद्या खुणेने धोका तिप्पट झाला असं धरलं, तरी ती खूण असलेल्या शंभरातल्या सत्त्याण्णव मुलांना तो होणार नाही. त्यामुळे उशिरा चालणाऱ्या किंवा लाजाळू नातवाकडे संशयाने पाहण्यात काही अर्थ नाही. फार तर बोलणं-चालणं खरंच रेंगाळलं असेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवावं, ते त्या अडचणीसाठी.

न्यूझीलंडमधल्या ड्युनेडिनचा अभ्यास जरा वेगळा. तिथे अकरा वर्षांच्या मुलांना थेट विचारलं गेलं: इतरांना न येणारे आवाज तुला ऐकू येतात का? कुणी तुझ्या मनातलं वाचतं का? ज्यांची उत्तरं ठामपणे होकारार्थी होती, त्यांना सव्विसाव्या वर्षापर्यंत स्किझोफ्रेनियासदृश आजार होण्याची शक्यता सोळापट निघाली. पण त्यांच्यातही बहुतेकांना तो झाला नाहीच.

पालकांना खरोखर उपयोगी पडतो तो बदल. बोलकं पोर दार लावून बसू लागलं, मार्क एकाएकी घसरले, झोप उडाली, आंघोळ टळू लागली, ‘सगळे माझ्यावर पाळत ठेवतात’ असं ते म्हणू लागलं, आणि हे काही आठवडे चाललं, तर ‘वयच तसं आहे’ म्हणून सोडून देऊ नये. कारण नैराश्य असेल, व्यसन असेल, आणखीही काही असेल. ते मानसोपचारतज्ज्ञ ठरवतील. केंद्र सरकारच्या ‘टेली मानस’ या १४४१६ क्रमांकाच्या मोफत हेल्पलाइनवर मराठीतही बोलता येतं.