संगणकातील शोधसूची आणि मराठीचा वर्णक्रम

ग्रंथालयात पुस्तक असणे आणि ते सापडणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. कपाटांत दहा हजार पुस्तके असतील, पण त्यांची सूची नसेल, तर हवे ते पुस्तक हाती येण्यापूर्वी सरासरीने पाच हजार पुस्तके चाळावी लागतील. याच पुस्तकांची कार्डे अकारविल्हे लावलेली असतील, तर दर वेळी मधले कार्ड पाहून उरलेला अर्धा भाग वगळत गेल्यास अधिकात अधिक चौदा कार्डे पाहून काम भागते. पुस्तके एक लाख झाली तरी ही संख्या सतराच्या पुढे जात नाही. शंकर गणेश दाते यांनी 1800 ते 1937 या काळातील मराठी ग्रंथांची सूची सिद्ध केली. तिचा उपयोग अभ्यासकांना झाला, त्यामागे नोंदींच्या संख्येइतकेच त्यांच्या सुनिश्चित मांडणीचेही बळ होते.

संगणकातील माहितीसाठ्याला, म्हणजे डेटाबेसला, हाच न्याय लागू पडतो. त्यातील नोंदी सामान्यतः ज्या क्रमाने आल्या त्या क्रमाने साठविलेल्या असतात. त्या त्वरित सापडाव्यात म्हणून मूळ नोंदींखेरीज एक स्वतंत्र, क्रमबद्ध रचना ठेवली जाते. व्यवहारात तिला इंडेक्स म्हणतात. येथे तिला शोधसूची म्हणू.

सूचीची रचना

आजच्या बहुतेक शोधसूच्या ज्या रचनेवर आधारलेल्या आहेत ती ‘बी-ट्री’ या नावाने ओळखली जाते. रुडॉल्फ बायर आणि एडवर्ड मॅक्क्राइट यांनी बोइंग कंपनीच्या संशोधनशाळेत काम करीत असता ती शोधून काढली आणि 1972 साली त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. नावातील ‘बी’ या अक्षराचा अर्थ मात्र त्यांनी सांगितला नाही. या रचनेत सूचीची अनेक पाने असतात. वरच्या पानावर कोणता शब्द कोणत्या पानाकडे नेतो याच्या खुणा असतात; त्या खुणांच्या आधारे एकेक पायरी उतरत शेवटच्या पानावर नोंदीचा ठावठिकाणा मिळतो. प्रत्येक पायरीवर एकच प्रश्न विचारला जातो: शोधावयाचा शब्द समोरच्या शब्दाच्या आधी येतो की नंतर? या प्रश्नाचे उत्तर चुकले की वाट चुकते. चुकीच्या पानावर पोचलेला संगणक तेथे शब्द नाही हे पाहून ‘नोंद नाही’ असे सांगतो, आणि नोंद तर साठ्यात असते.

भाषा आणि सेतू

डेटाबेसशी बोलण्यासाठी बहुधा एखाद्या सोप्या आज्ञाभाषेचा आधार घेतात. पायथन ही अशा स्क्रिप्टिंग भाषांपैकी एक. गिडो व्हान रॉसम यांनी ती 1991 साली लोकांपुढे आणली. रिचर्ड हिप यांनी 2000 साली निर्माण केलेला एसक्यूलाइट हा डेटाबेस एकाच फाइलमध्ये सामावतो. त्यामुळे लहान ग्रंथालयास तो सोयीचा ठरतो. एसक्यूलाइट सी या भाषेत लिहिलेला आहे. पायथनमधील आज्ञा त्याच्यापर्यंत पोचविणारा आणि त्याचे उत्तर परत आणणारा जो दुवा असतो त्याला बाइंडिंग म्हणतात. असा दुवा 2006 पासून पायथनबरोबरच मिळतो.

या सेतूवरून वाहतूक दोन्ही दिशांनी होते, हे ध्यानात घेतले पाहिजे. पायथनचा कार्यक्रम सूची तयार करावयास सांगतो, कोणत्या तक्त्यावर कोणत्या सूच्या आहेत हे विचारतो, आणि एखादा प्रश्न सोडविताना सूची वापरली जाणार की सारा तक्ता चाळला जाणार याची योजनाही मागवितो. उलट, दोन शब्दांपैकी आधीचा कोणता हे ठरविण्याचे काम डेटाबेसदेखील पायथनमधील नियमाकडे सोपवू शकतो. मराठी वाचकाच्या दृष्टीने ही दुसरी सोय विशेष महत्त्वाची आहे.

रायपूरचे उदाहरण

अठराव्या शतकात नागपूरकर भोसल्यांची सत्ता छत्तीसगडावर आली. पुढे 1956 पर्यंत नागपूर आणि रायपूर एकाच प्रांतात होते. म्हणूनच रायपुरात मराठी आणि हिंदी ही दोन्ही वाङ्मये शेजारी नांदत आली. 1900 साली ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक काढणारे माधवराव सप्रे मराठी घराण्यातले होते. लोकमान्य टिळकांचा 1915 साली प्रसिद्ध झालेला ‘गीतारहस्य’ हा ग्रंथ त्यांनीच हिंदीत नेला. आता रायपूरच्या समता कॉलनीत अशा दोन्ही भाषांतील पुस्तकांचे एक छोटे ग्रंथालय आहे आणि त्याची नोंदवही संगणकावर चढवावयाची आहे, अशी कल्पना करावी.

प्रथम केवळ शीर्षकावर ‘अनन्य’ सूची केली, म्हणजे एका शीर्षकाची एकच नोंद असावी असा दंडक घातला, तर पहिले ‘गीतारहस्य’ नोंदले जाईल आणि त्याच शीर्षकाने नोंदविलेला सप्रे यांचा अनुवाद नाकारला जाईल. अशी सूची शोधाचे साधन असते, तसाच तो एक नियमही असतो. भाषा आणि शीर्षक या जोडीवर सूची केली की दोन्ही ग्रंथांना स्थान मिळते. मात्र या सूचीत नोंदी आधी भाषेनुसार आणि मग शीर्षकानुसार लागतात. भाषा न सांगता केवळ शीर्षक विचारणाऱ्या वाचकास तिचा फारसा लाभ होत नाही. त्याच्यासाठी शीर्षकाची वेगळी सूची हवी. तथापि प्रत्येक नव्या सूचीबरोबर नोंद घालण्याचे कामही वाढते, कारण पुस्तक दाखल होताच साऱ्या सूच्या अद्ययावत कराव्या लागतात.

‘ळ’चे स्थान

याहून नाजूक प्रश्न अक्षरांचा आहे. काही वेगळे सांगितले नाही, तर एसक्यूलाइट अक्षरांच्या सांकेतिक क्रमांकांवरून क्रम लावतो. युनिकोड या जागतिक संकेतात ‘ळ’ हे अक्षर ‘ल’ आणि ‘व’ यांच्या मध्ये आहे. मराठी मुळाक्षरांत मात्र ते ‘ह’नंतर येते. त्यामुळे ‘काळे पाणी’ ही सावरकरांची कादंबरी संगणकाच्या यादीत ‘काव्य’ या शब्दाच्या आधी पडते, तर मराठी वाचक ती ‘काही’ या शब्दाच्या पुढे शोधतो. ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ ही जोडाक्षरे मुळाक्षरांत शेवटी म्हटली जातात. पण ती ‘क’ आणि ‘ज’ यांच्या पोटात घालण्याचीही रीत आहे. यांपैकी कोणती रीत पाळावयाची हा निर्णय यंत्राचा नव्हे, ग्रंथपालाचा आहे.

दुसरी अडचण एकाच अक्षराच्या दोन लेखनांची. ‘ॲटम’ या शब्दातील पहिले अक्षर एका स्वतंत्र चिन्हाने लिहिता येते, किंवा ‘अ’ आणि त्यावरील चंद्र अशा दोन चिन्हांनीही. डोळ्यांना ती सारखीच दिसतात, पण संगणकाला ती भिन्न वाटतात. हिंदीतील नुक्त्याच्या ‘ड़’ या अक्षराचीही दोन रूपे आहेत. ती एक करण्याचे तयार साधन पायथनमध्ये आहे. ‘ॲ’च्या रूपांना मात्र ते साधन हात लावीत नाही, कारण युनिकोडने ती समान मानलेली नाहीत. त्यांच्यासाठी वेगळा नियम लिहावा लागतो आणि तो नोंद दाखल करताना व शोध घेताना, दोन्ही वेळी लावावा लागतो.

क्रमाचा नियम पायथनमध्ये लिहून तो सेतूद्वारे डेटाबेसला एका नावाने कळविता येतो. पूर्वी या नावात केवळ रोमन लिपीच चालत असे. 2022 मधील 3.11 या आवृत्तीपासून ‘मराठी’ असे नाव देवनागरीतही देता येते. नियमाने दोन शब्द घेऊन पहिला आधी असल्यास ऋण, दोन्ही समान असल्यास शून्य आणि पहिला नंतर असल्यास धन संख्या द्यावयाची असते. त्याचे उत्तर नेहमी तेच आणि परस्परांशी सुसंगत असले पाहिजे. सूची करताना आणि प्रश्न विचारताना याच नियमाचा उल्लेख करावा लागतो. एरव्ही सूची असूनही ती वापरली जात नाही.

नियम बदलल्यास

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. डेटाबेसच्या फाइलमध्ये या नियमाचे फक्त नाव साठविले जाते; नियम स्वतः पायथनच्या कार्यक्रमातच राहतो. दुसऱ्या कार्यक्रमाने तीच फाइल उघडून ही सूची वापरू पाहिली, तर असा क्रमनियम ठाऊक नाही असे सांगून डेटाबेस काम थांबवितो. हा दोष उघड असल्याने तितकासा घातक नाही. अधिक धोका आहे तो नाव तेच ठेवून आतला नियम बदलण्यात. ‘क्ष’ला शेवटून उचलून ‘क’मध्ये नेले, पण जुनी सूची तशीच राहू दिली, तर पाने जुन्या क्रमाची आणि शोध नव्या क्रमाचा अशी स्थिती होते. कोणतीही तक्रार न करता संगणक काही पुस्तके नाहीत असे सांगू लागतो.

मोठ्या यंत्रणांनाही हा अनुभव आलेला आहे. 2018 साली लिनक्स प्रणालीतील ‘ग्लिबसी’ या मूलभूत संग्रहाच्या 2.28 या आवृत्तीत शब्दक्रमाचे नियम बदलले. तिच्या नियमांवर विसंबणाऱ्या पोस्टग्रेस डेटाबेसांतील जुन्या सूच्या त्यामुळे अविश्वसनीय ठरल्या: असलेल्या नोंदी सापडेनात, आणि अनन्य सूची असतानाही एकाच नोंदीच्या दोन प्रती शिरण्याची शक्यता निर्माण झाली.

यावरील उपाय साधा आहे. नियम बदलताच ‘रीइंडेक्स’ ही आज्ञा देऊन सूची नव्याने बांधावी, आणि सूची मूळ नोंदींशी जुळते की नाही याची डेटाबेसकडून तपासणी करून घ्यावी. मूळ नोंदी अबाधित असतात, म्हणून सूची केव्हाही पुन्हा उभी करता येते. क्रमनियमाचा मजकूरही डेटाबेसच्या फाइलबरोबरच जपून ठेवला पाहिजे. कारण तो हरवल्यास पुढे येणाऱ्या ग्रंथपालाला सूची कोणत्या क्रमाने लावली होती हे कळणार नाही, आणि कपाटात असलेले पुस्तक मागणाऱ्या वाचकाला रिकाम्या हाताने परत जावे लागेल.