प्रोसेसरचा वेग आणि विजेचा जमाखर्च

संगणकाचा प्रोसेसर सदासर्वकाळ पूर्ण वेगाने चालविण्यात लाभापेक्षा अपव्ययच अधिक असतो; कारण त्यातील परिपथांच्या उघडझापीस लागणारी वीज स्थूलमानाने वेगाच्या आणि विद्युद्दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे, व अधिक वेगास सामान्यतः अधिक दाब द्यावा लागत असल्यामुळे, शेवटच्या थोड्याशा वेगाची किंमतच सर्वांत भारी पडते. लिनक्समध्ये या वेगाचा अंमल ‘गव्हर्नर’ नामक व्यवस्थेकडे सोपविलेला आहे: ‘परफॉर्मन्स’ वेग कमाल मर्यादेस नेऊन ठेवतो, ‘पॉवरसेव्ह’ किमान मर्यादेस, आणि २०१६ साली दाखल झालेला ‘शेड्युटिल’ कामांची वाटणी करणाऱ्या शेड्युलरकडूनच भाराची खबर घेऊन वेग ठरवितो. (इंटेलच्या अनेक नव्या प्रोसेसरांवर मात्र ‘पॉवरसेव्ह’ हे नाव फसवे आहे, तेथे वेग भाराप्रमाणे वाढतोही.) तथापि किमान वेग म्हणजे किमान खर्च, हा समज सरसकट ग्राह्य नव्हे, काम सत्वर उरकून प्रोसेसर गाढ विश्रांतीत गेल्यास एकूण ऊर्जा पुष्कळदा कमीच लागते. सबब, लिनक्समधील मूळची योजना काय किंवा विंडोजमधील ‘बॅलन्स्ड’ काय, सामान्य वापरणाऱ्याने ती सबळ कारणावाचून बदलू नये.