कात्रीच्या सोयीने घेतलेली गाणी

अमेरिकेचे जुने बोलपट पाहताना आम्हांला एक गोष्ट नेहमी खटकते. कृष्णवर्णीय कलावंत येतो, गातो, नाचतो आणि निघून जातो. कथेशी त्याचे काही देणेघेणेच नसते. हा योगायोग नव्हे. १९४२ साली एमजीएम कंपनीने लीना हॉर्न या गायिकेशी करार केला. पुढे तिची गाणी बहुधा अशा बेताने चित्रित झाली, की दक्षिणेकडील राज्यांत तेवढाच तुकडा कापला तरी कथा तुटू नये! म्हणजे वगळण्याची सोय आधीच करून ठेवलेली. १९५१ च्या 'शो बोट'मध्ये मिश्रवंशीय ज्युलीची भूमिका होती, तीही गोऱ्या ॲव्हा गार्डनरकडे गेली.

मोलकरीण मात्र पडद्यावर चालत असे. 'गॉन विथ द विंड'मधील तशाच भूमिकेसाठी हॅटी मॅक्डॅनियलला १९४० मध्ये ऑस्कर मिळाले. हा मान मिळवणारी ती पहिली कृष्णवर्णीय व्यक्ती. पण समारंभात तिला बसवले वेगळ्या टेबलाशी. पंगत वेगळी म्हटल्यावर आपल्या वाचकांना अधिक काय सांगावे?

विद्यार्थ्यांनी १९४३ चा 'स्टॉर्मी वेदर' जरूर पाहावा. त्यात प्रमुख कलावंत सगळेच कृष्णवर्णीय. कात्री लावणार कुठे? शेवटाकडे निकोलस बंधू एकमेकांच्या डोक्यावरून उड्या घेत, पाय फाकवून पायऱ्या उतरतात.